रीळ, ट्राउट आणि येवल्याची आसारी

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. डेन्व्हरहून दोन तास गाडी हाणत साउथ प्लॅट नदीच्या 'ड्रीम स्ट्रीम' नावाच्या टप्प्यावर गेलो होतो. स्पिनी माउंटन आणि इलेव्हन माइल या दोन जलाशयांच्या मधला हा तुकडा. उघडं माळरान, झाड औषधालाही नाही, आणि वारा असा की टोपी सांभाळावी का काठी तेच कळत नाही. शरदात खालच्या जलाशयातले मोठाले ब्राउन ट्राउट अंडी घालायला इथे वर येतात. (त्यांच्या अंडी घालायच्या जागा सोडून मासेमारी करायची, हा तिथला शिष्टाचार.) त्यातलाच एक माझ्या गळाला लागला. नव्वद फुटांची सगळी दोरी घेऊन गेला, मागे जोडलेली बॅकिंगची दोरीसुद्धा वीसेक पावलं नेली, क्षणभर थांबला, पुन्हा निघाला आणि... टिक्. संपलं.

सोबतचा मित्र माझ्या रिळीकडे बघून एवढंच म्हणाला, "ही कुठून आणलीस?" सेलमध्ये, काठीवर फुकट मिळाली होती. मी गप्प बसलो.

प्रॉडक्शनमध्ये काही पडलं की आम्ही मूळ कारण शोधतो, ते सापडेपर्यंत झोप येत नाही. इथेही तेच झालं. नवी रीळ घ्यायला बसलो आणि रिळीच्या इतिहासात शिरलो. चार शनिवार गेले. बायको म्हणाली, एवढ्यात मासा म्हातारा झाला असेल.

तर मंडळी, ज्यांना या भानगडीची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला पिसं नि धागे गुंडाळून खोटा किडा करतात. त्याला वजन नसतंच, म्हणून फेकायची असते ती जाडसर, वजनदार दोरी. किडा तिच्यामागून आपसूक जातो. प्रकार जुना आहे. इ. स. 200 च्या आसपास एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसेडोनियातले लोक लाल लोकर नि कोंबड्याची पिसं गळाला बांधून मासे धरतात, असं लिहून ठेवलंय. पण त्यांची काठी सहा फूट आणि दोरीही सहा फूट. रीळ नाहीच! मासा सहा फुटांच्या पलीकडे जाणार नाही, ही त्यांची आर्किटेक्चरल असम्प्शन.

रिळीचं एक जुनं चित्र चीनमधलं आहे. मा युआन या चित्रकाराने 1195 च्या सुमारास थंडीतल्या तळ्यावरचा एकटा कोळी काढलाय, त्याच्या काठीवर छोटंसं चाक स्पष्ट दिसतं. इंग्लंडमध्ये रिळीचे उल्लेख येतात ते सतराव्या शतकाच्या मध्यावर. पुढे पितळी रिळी आल्या, नॉटिंगहॅमला लाकडी आल्या. तिथे लेस विणण्याचा धंदा होता, रीळ गुंडाळणं त्या गावाच्या हाडीमाशी खिळलेलं.

पण माझ्या मते खरी गोष्ट सुरू होते 1874 साली. अमेरिकेत व्हर्मॉन्टमधल्या मँचेस्टर गावच्या चार्ल्स ऑर्विसने त्या वर्षी एका रिळीचं पेटंट घेतलं. अरुंद, उभी, आणि बाजूच्या पत्र्यांना भोकंच भोकं. ही भोकं शोभेची नव्हती. तेव्हा दोरी रेशमाची असे, आणि ओलं रेशीम गुंडाळून ठेवलं की कुजतं. भोकांतून वारा खेळायचा, वर रीळ हलकीही व्हायची. गंमत म्हणजे रेशीम जाऊन प्लास्टिकचं आवरण असलेल्या दोऱ्या आल्या त्याला कित्येक दशकं झाली, तरी आजच्या रिळीलाही भोकं असतातच. हलकेपणाचं कारण शिल्लक राहिलं. जुन्या कोडमध्ये नाही का, एक कारण मरतं आणि फंक्शन दुसऱ्याच कारणासाठी जगत राहतं!

दुसरा टप्पा इंग्लंडच्या उत्तरेला, अ‍ॅनिक गावात. तिथल्या हार्डी बंधूंची 'परफेक्ट' रीळ 1891 मध्ये बाजारात आली. तिच्यात बॉल बेअरिंग बसवलेले होते. दोरी बेफाम सुटू नये म्हणून आत दातेरी चाक आणि त्यावर स्प्रिंगने दाबलेली खिट्टी. मासा पळाला की कर्रर्र आवाज येतो तो हिचा. ही खिट्टी मुळात ब्रेक नव्हेच. चाक दोरीपेक्षा जास्त फिरून गुंता होऊ नये एवढंच तिचं काम. माशाला रोखायचं ते कोळ्याच्या तळहाताने, फिरत्या कडेवर हलका दाब देऊन. शंभर वर्षं लोकांनी असेच मासे काढले, आणि लहान ओढ्यातल्या वीतभर ट्राउटला आजही याहून जास्त काही लागत नाही. तिथे रीळ म्हणजे दोरी ठेवायची डबी.

मोठ्या माशाची गोष्ट वेगळी. न्यू हॅम्पशरच्या स्टॅन बॉगडनने सामन माशांसाठी केलेल्या रिळीत गाडीच्या ड्रम ब्रेकसारखे दोन ब्रेक-शू घातले. लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत. तिकडे फ्लोरिडात माणसाच्या वजनाच्या टार्पनमागे लागलेल्या मंडळींना तर ब्रेकशिवाय गत्यंतरच नव्हतं. टेड युरासिक हा मूळचा हंगेरीचा डाय बनवणारा कारागीर. त्याने 1976 मध्ये बिली पेट या नावाजलेल्या मच्छीमाराच्या नावाची रीळ आणली, तिचा ब्रेक बुचाचा. हो, बाटलीच्या बुचाचं लाकूड! दाबलं तरी ते गुळगुळीत सरकतं, मधेच अडकत नाही. ट्राउटच्या रिळीत आज दिसणारे कार्बनच्या चकत्यांचे, पाणी-वाळू न शिरणारे बंद ब्रेक याच समुद्री घराण्यातले.

आता माझा मासा का गेला, ते सांगतो. टोकाचा धागा म्हणजे टिपेट, माझा 5एक्स होता. अकरातून हा आकडा वजा केला की इंचाच्या हजाराव्या भागात जाडी मिळते, म्हणजे 0.006 इंच. तुटायची ताकद ढोबळ दोन किलो, आणि गाठीपाशी त्याहून कमी. ब्रेक मी अर्ध्या किलोवर लावलेला, हिशेब ठीक होता. पण ब्रेक लावतो तो टॉर्क, आणि दोरीवरचा ताण म्हणजे टॉर्क भागिले त्रिज्या. दोरी सुटत गेली की गुंडाळीची त्रिज्या कमी होते आणि ताण वाढतो, तोही नेमका मासा लांब गेलेला असताना, पाण्यात ओढल्या जाणाऱ्या दोरीचा भार आधीच पडत असताना. त्यात स्वस्त ब्रेक थांबला की चिकटतो, आणि पुन्हा सुटताना हिसका देतो. आठवतं ना, मासा क्षणभर थांबला होता?

यावर उपाय म्हणजे लार्ज आर्बर, अर्थात मधला गाभाच मोठा ठेवायचा. हे वाचलं आणि मी खुर्चीतच हसलो. कारण मी येवल्याचा. आमच्याकडे भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं, आणि मांजा गुंडाळायला नाजूक फिरकी नव्हे, बांबूच्या कामट्यांची मोठी आसारी असते. गाभा म्हणजे नुसती हवा! एका फेऱ्यात हातभर मांजा आत. ढील द्यावी तरी सरळ सुटतो. आमच्या आजोबांना त्रिज्येचं सूत्र सांगितलं असतं तर त्यांनी आसारी माझ्या डोक्यात घातली असती.

मासा हुकल्याचं दुःख एकीकडे. पण ट्राउट जितका वेळ झुंजतो तितका थकतो, आणि पाणी 20 अंशांच्या वर गेलेलं असेल तर सोडल्यावरही मरू शकतो. ड्रीम स्ट्रीमवर ट्राउट सोडावाच लागतो. मेलेला सोडून काय उपयोग? चांगला ब्रेक म्हणजे जास्त ताण ठेवून लवकर संपवता येणारी झुंज. शिवाय माझा तो मासा तोंडात गळ आणि मागे धागा घेऊन गेलाय, हे मनातून जात नाही.

शेवटी घेतली एक. लार्ज आर्बर, बंद कार्बन ब्रेक, कड उघडी (तळहात लावायला), आणि ओतीव नव्हे तर अखंड अ‍ॅल्युमिनियम कातून केलेली, कारण ओतीव रीळ दगडावर पडली की तडकते. रंगीत नक्षीचे शंभर डॉलर वाचवले.

मग घरातला बॅगा मोजायचा काटा काढला, भारतात जाताना 23 किलोवाला. बायकोने रीळ धरली, मी दोरी ओढली. जुनी रीळ: आधी काटा नऊशे ग्रॅमवर उडाला, मग पाचशेवर आला, आणि दोरी संपत आल्यावर अकराशेच्या वर. नवी: पाचशेवर सुरुवात, हिसका जवळजवळ नाही, शेवटी सातशेच्या आत. सगळी दोरी हॉलभर पसरली होती, ती गुंडाळायला मात्र बायको थांबली नाही.