अनुभव कशाला म्हणावे?

निवडणूक जवळ आली की आपल्या शहरातील चौकाचौकांत दोन वाक्ये ऐकू येतात. एक गृहस्थ म्हणतात, "अमके पाच वेळा निवडून आले आहेत, कारभार त्यांनाच कळतो." दुसरे म्हणतात, "तेच तर दुखणे आहे. आता नवा, कोरा माणूस हवा." वाद अनुभवाचा चालतो, परंतु अनुभव म्हणजे नेमके काय, हे दोघेही विचारीत नाहीत. उच्च पदासाठी माणूस पारखावयाचा तर प्रथम हाच प्रश्न सोडविला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आपल्या संविधानाने अनुभवाची अट घातलेली नाही. राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारास ३५ वर्षे वय, नागरिकत्व आणि लोकसभेवर निवडून येण्याची पात्रता लागते. पूर्वी एखादे पद सांभाळलेले असावे असे कोठेही म्हटलेले नाही. विधिमंडळाचा सभासद नसलेला माणूसही सहा महिने मंत्री राहू शकतो. आमच्या मते हे योग्यच झाले. ज्या समाजात बहुसंख्यांना सत्तेच्या उंबऱ्याशीही कोणी उभे केले नव्हते, तेथे अशी अट म्हणजे जुन्याच धन्यांच्या हाती पुन्हा किल्ल्या देणे ठरले असते. चिकलठाणा–वाळूजच्या कारखान्यांच्या दारांशी उभा राहणारा तरुण हे चक्र चांगले ओळखतो : अनुभव नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून अनुभव नाही.

मग अनुभवाला किंमतच नाही काय? आहे. त्यासाठी या नगरीचा संस्थापकच पाहावा. मलिक अंबर हा हबशी गुलाम. हातोहात विकला जात तो निजामशाहीचा वजीर चंगीझखान याच्या पदरी आला आणि तेथे कारभार जवळून पाहता आला. पुढे साधा शिपाई म्हणून त्याने दक्षिणेत चाकरी केली. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तेव्हा बुडत्या राज्याची धुरा सांभाळण्यास हाच माणूस पुढे आला. १६१० मध्ये त्याने खडकी वसविली, डोंगरातील पाणी भूमिगत नहरींनी गावात आणले, जमिनीची प्रत आणि पीक पाहून सारा ठरविला, आणि गनिमी काव्याने मोगलांना थोपवून धरले. त्याच्यापाशी घराणे नव्हते; शिकलेले काम होते.

१६२६ मध्ये तो वारला व अधिकार मुलाकडे, फतेहखानाकडे, गेला. हा तर सत्तेच्या अंगणातच वाढलेला. परंतु सात वर्षांच्या आत त्याने आपल्याच सुलतानाचा घात केला आणि १६३३ साली दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन केले. सत्तेच्या सावलीत बसणे म्हणजे अनुभव नव्हे, हे येथे दिसते.

दुसरे उदाहरण औरंगजेबाचे. दख्खनचा अनुभव म्हणाल तर त्याच्याएवढा कोणत्या बादशहास होता? १६३६ ते १६४४ आणि पुन्हा १६५२ पासून तो येथे सुभेदार होता. १६८१ नंतर तो स्वतः दक्षिणेत उतरला. विजापूर घेतले, गोवळकोंडा घेतला, १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांचा वध केला. तरीही मराठ्यांचे युद्ध थांबले नाही, आणि १७०७ साली अहमदनगरजवळ तो मरण पावला तेव्हाही ते चालूच होते. राजा मारला की राज्य संपते, हा त्याचा हिशेब. येथे राजा गेल्यावर रयत व सरदार लढत राहिले. डोळ्यांपुढे घडत असूनही त्याने धोरण बदलले नाही. वर्षे मोजली तर अनुभव सुमारे चार दशकांचा, शिकवण मात्र तोकडी.

तिसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९५० साली याच शहरात त्यांनी महाविद्यालय उभारले. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले, तेव्हा मंत्रिपदाचा पूर्वानुभव त्यांना नव्हता. पण मुंबईच्या विधिमंडळातील काम होते, मजुरांच्या चाळींची ओळख होती, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध झालेल्या संपाचे नेतृत्व होते. १९४६ च्या कायद्याने कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले, त्यामागे त्यांचे प्रयत्न होते. खुर्चीबाहेरही अनुभव मिळतो, तो असा.

आम्ही कामगार आमचा सरचिटणीस निवडतो तेव्हा त्याने किती वर्षे कार्यालयात काढली हे विचारीत नाही. मागणीपत्रक कोणी लिहिले, मालकासमोर वाटाघाट कोणी केली, करार फसला तर गेटसभेत सभासदांपुढे येऊन जबाब कोणी दिला, हे विचारतो. आमदार, खासदार, मुख्यमंत्री यांच्या बाबतीतही हेच तीन प्रश्न नागरिकांनी विचारावेत. कोणती जबाबदारी प्रत्यक्ष पेलली? तिचा हिशेब लोकांपुढे ठेवला काय? आणि घडले त्यावरून पुढचे वागणे बदलले काय? उत्तरे मिळाली तर पहिल्यांदा उभा राहिलेला ग्रामपंचायतीचा पंचही अनुभवी ठरेल. न मिळाली तर पाच वेळा निवडून आलेल्या माणसालाही निःसंकोचपणे घरी पाठवावे.