पण, कौशल्य आणि कॅरमचा पट

मित्रमंडळींनी पैज लावून कॅरमचा डाव मांडला, तर त्यास जुगार म्हणावयाचे की नाही? प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु त्याचे उत्तर आपल्या देशात निरनिराळ्या काळी निरनिराळ्या कसोट्यांवर दिले गेले आहे, आणि या कसोट्यांचा इतिहास उद्बोधक आहे.

प्रथम खेळाचे स्वरूप पाहू. नऊ पांढऱ्या सोंगट्या, नऊ काळ्या, एक तांबडी राणी आणि एक स्ट्रायकर, एवढेच त्याचे साहित्य. येथे फासे पडत नाहीत की पाने पिसली जात नाहीत. पहिला मान कोणाचा, हे मुठीतील सोंगटी ओळखून ठरवितात. दैवाचा अधिकार जवळजवळ तेवढ्यापुरताच. पुढे सारा कारभार बोटाचा आणि नजरेचा.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात द्यूताची व्याख्या आहे. निर्जीव वस्तूंनी खेळावयाचे ते द्यूत, प्राण्यांच्या झुंजी लावावयाच्या तो समाह्वय. या व्याख्येत कौशल्याचा उल्लेखही नाही. पैजेचा कॅरम तीत सहज बसला असता, आणि मनूने तर द्यूत राज्यातून हद्दपारच करावयास सांगितले आहे. कौटिल्य अधिक व्यवहारी. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात तो द्यूताध्यक्ष नेमतो, खेळ एकाच जागी चालवावयास लावतो, अन्यत्र खेळणाऱ्यास १२ पण दंड सांगतो आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच घेतो. त्याची कसोटी देखरेखीची होय.

इंग्रजी अमदानीत कसोटी पालटली. १८६७ च्या सार्वजनिक जुगाराच्या कायद्याने आणि मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले. आमच्या हैदराबाद संस्थानातील १३०५ फसलीच्या कायद्यातही तशीच सूट होती. त्याच कायद्याखाली सिकंदराबादच्या एका क्लबातील रमीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्यात कौशल्याचा भाग प्रधान तो कौशल्याचा खेळ, असे त्या न्यायालयाने १९५७ सालीच म्हटले होते. १९६७ साली त्याने रमीस त्या वर्गात बसविले. मात्र एक पुस्तीही जोडली: पैजेच्या खेळातून जागेचा मालक नफा काढीत असेल, तर गुन्हा ठरू शकेल. पाने पिसून वाटावयाची रमी जर कौशल्याची, तर कॅरमविषयी शंका घेण्याचे कारणच उरत नाही.

अलीकडे कसोटी पुन्हा पालटली आहे. तेलंगणाने २०१७ साली कौशल्याच्या खेळांची सूट काढून टाकली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्यानेही, कौशल्य की दैव हा भेद न करता, पैसे लावून ऑनलाइन खेळ खेळविण्यास मनाई केली. आता विचार होतो तो पणाचा.

या बदलातील मर्म आम्हांस ग्रंथांतून कळण्यापूर्वी पटावरच कळले होते. कॉलेजच्या दिवसांत आम्ही चौघे मित्र रोज संध्याकाळी खेळत असू. हरलेल्या जोडीने चहाभजी द्यावयाची, असा रिवाज होता; आणि ती खाताना जिंकलेल्यांपेक्षा हरलेलेच अधिक बोलत. पुढे कोणीतरी सुचविले म्हणून डावाला पाच रुपये ठरले. एके दिवशी राणी घेतल्यावर तिच्यामागची सोंगटी नियमाने गेली की नाही, यावरून वाद झाला. निकाल आमच्या बाजूने लागला. प्रतिपक्षातील मित्राने खिशातून पाचाची नोट काढून पटावर ठेवली आणि तो मुकाट्याने उठला. पुन्हा तो खेळावयास आला नाही. ती नोट आम्ही का घेतली, याचे उत्तर आजही आम्हांपाशी नाही.

त्या खेळात दैव नव्हते, नफा काढणारा मालक नव्हता. कोणत्याही न्यायालयाने आम्हांस निर्दोष सोडले असते. चहाभजीचा पण चौघांच्या तोंडी पडत होता; पाच रुपयांचा पण एकाच्या खिशात गेला. कायद्याने आपली कसोटी लावावी, ते त्याचे कामच आहे. परंतु मधल्या सुट्टीत पैजा मारणारी मुले दिसली, की आम्ही शिक्षकांनी एवढेच विचारावे: आज हरलेला गडी उद्या खेळावयास येईल ना?