नाताळची डाली

इंग्रजी अमदानींत चांदा जिल्ह्यांतील अंमलदारांची फिरती हिवाळ्यांत असे. (या जिल्ह्याचें नांव १९६४ सालीं चंद्रपूर झालें आणि १९८२ सालीं त्यांतून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला.) पावसाळ्यांत वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती या नद्या व त्यांच्या कांठचें दाट अरण्य वाट देत नसे. धानाची कापणी झाली म्हणजे साहेबांचे तंबू बाहेर पडत, आणि ऐन फिरतीच्या दिवसांत नाताळ येई.

या सणाला साहेबापुढें फळांची टोपली ठेवण्याची चाल उत्तर व मध्य हिंदुस्थानांत पडली होती. तिला डाली म्हणत. चांदा ज्यांत मोडे त्या मध्यप्रांतालाही ती परकी नव्हती. संत्रीं, केळीं, सुका मेवा, मिठाई, फुलें आणि क्वचित् मद्याची बाटली असा तिचा थाट असे. मालगुजार, ठेकेदार आणि हाताखालचे नोकर ती घेऊन जात. हा शब्द साहेब लोकांच्या तोंडीं इतका बसला कीं १८८६ सालीं निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशांत त्याची स्वतंत्र नोंद झाली.

गोठ्यांत जन्मलेल्या बालकाच्या उत्सवाशीं या टोपलीचा संबंध काय? पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांनीं येशूला सोनें, ऊद व गंधरस अर्पण केल्याची कथा शुभवर्तमानांत आहे. परंतु हिवाळ्यांतील भेटींची चाल तिच्याहून जुनी आहे. रोमन लोक १७ डिसेंबरला शनिदेवाचा उत्सव आरंभीत व एकमेकांना मेणबत्त्या आणि मातीच्या बाहुल्या देत. त्या दिवसांत धनी गुलामांना आपल्या पंक्तीचा मान देई. १ जानेवारीला मात्र भेटी वरच्या दिशेनें जात. लोक सम्राटाला नाणीं अर्पण करीत. ऑगस्टसनें त्या पैशांतून देवांच्या मूर्ति घेऊन नगराच्या पेठापेठांत बसविल्या. कॅलिग्युला तर स्वतः वाड्याच्या देवडींत उभा राहून नाणीं गोळा करी. डालीचें मूळ शोधावयाचें तर तें बेथलेहेमपेक्षां या देवडींत अधिक सांपडेल.

ख्रिस्ती धर्मगुरूंना ही चाल मान्य नव्हती. २५ डिसेंबरला रोममध्यें ख्रिस्तजन्म साजरा होत असल्याचा उल्लेख इ. स. ३३६ चा मिळतो. त्यानंतर कांहीं दशकांनीं बिशप ऑगस्टीन यानें प्रवचनांत सांगितलें कीं, इतर लोक नववर्षाच्या भेटी देतात, तुम्ही गरिबांना दान द्या. आशियामायनरमधील मायरा येथील बिशप निकोलस यांची आख्यायिका याच वळणाची आहे. एका निर्धन गृहस्थाच्या तीन उपवर मुलींसाठीं त्यांनीं रात्रीं गुपचूप सोन्याच्या थैल्या घरांत टाकल्या. देणारा कोण हें घेणाऱ्यास कळूं नये, हें या कथेचें मर्म आहे. ६ डिसेंबर हा त्यांचा स्मरणदिन मुलांच्या खाऊचा दिवस झाला. पुढें डच लोकांचा सिंटरक्लास अमेरिकेंत गेला आणि एकोणिसाव्या शतकांत त्याचा सांताक्लॉज झाला.

डालींत देणाराचें नांव सर्वांत आधीं सांगितलें जाई. नजराण्यांचा धोका इंग्रजांना ठाऊक नव्हता असें नाहीं. १७७३ च्या नियामक कायद्यानेंच गव्हर्नर जनरलपासून कंपनीच्या नोकरांपर्यंत सर्वांना भेटी घेण्याची मनाई केली होती. पुढील नियमांत मात्र थोडीं फळें व फुलें घेण्याची सवलत राहिली, आणि त्या फटींतून डाली तंबूंत शिरे. साहेबाची मर्जी ज्याला सांभाळावी लागे, त्याला टोपली न नेण्याची सोय नव्हती. स्वेच्छेची म्हणविणारी ती भेट त्याच्यापुरती एक पट्टीच होती. १९६४ च्या केंद्रीय सेवा-वर्तणूक नियमांनीं सरकारी नोकरांच्या भेटींवर बंधनें ठेवलीं आहेत, त्यांमागें हा अनुभव आहे.

विदर्भांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा भरतो. मुलें लांकडी बैल घेऊन घरोघर जातात आणि वडीलधारीं माणसें त्यांच्या हातावर पैसे किंवा खाऊ ठेवतात. त्याला बोजारा म्हणतात. बोजारा देणारा मुलांकडून कशाचीही अपेक्षा ठेवीत नाहीं. ज्या मुलखांत ही चाल आहे, तेथें मायराच्या निकोलसाची कथा कोणास समजावून सांगावी लागणार नाहीं.