लोणारचें विवर आणि जनतेचा पैसा

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें खारें सरोवर ज्या खळग्यांत आहे, त्याचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर आहे. श्रीविष्णूनें येथें लवणासुराचा वध केला, अशी लोकांची श्रद्धा आहे. शास्त्रज्ञांपुढें प्रश्न होता तो हा कीं, कठीण काळ्या पाषाणांत एवढा वर्तुळाकार खळगा पडला कसा? उत्तर मिळावयास दीडशें वर्षें लागलीं.

१८२३ सालीं अलेक्झांडर नामक इंग्रज अधिकाऱ्यानें या स्थळाची नोंद केली. दख्खनचा पाषाण मुळांत लाव्हारसाचाच. तेव्हां हें ज्वालामुखीचें मुख असावें, हा भूशास्त्रज्ञांचा तर्क साहजिक होता. १८९६ सालीं अमेरिकेचे गिल्बर्ट यांनीं अ‍ॅरिझोनांतील विवर वाफेच्या स्फोटानें झालें असें ठरविलें, व त्यासाठीं लोणारचा दाखला दिला. गिल्बर्ट मोठ्या योग्यतेचे शास्त्रज्ञ होते. परंतु दोन्ही ठिकाणीं त्यांचा तर्क चुकला.

१९६० सालीं अ‍ॅरिझोनाच्या खडकांत कोएसाइट हें खनिज सांपडलें. तें प्रचंड दाबाखेरीज बनत नाहीं. अशनिपाताचा तो पुरावा मिळतांच लोणारकडे पुन्हां लक्ष गेलें. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, अमेरिकेची स्मिथसोनियन संस्था व तेथील सरकारी भूवैज्ञानिक खातें यांच्या शास्त्रज्ञांनीं तळाशीं छिद्रें घेऊन काढलेले नमुने तपासले. त्यांत मास्केलिनाइट आढळलें. आघाताच्या दाबानें फेल्डस्पारच्या स्फटिकाची आंतील रचना मोडून त्याची कांच होते, तीच ही. ज्वालामुखीस तसा दाब देतां येत नाहीं. १९७३ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. चंद्रावरून १९६९ सालीं आणलेले पाषाणहि याच जातीचे असल्यानें लोणारचें मोल वाढलें.

आतां हिशेब पाहावा. भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ सालीं स्थापन झालें तें मुख्यतः कोळसा शोधण्यासाठीं. तो खर्च मंजूर करणाऱ्यांच्या स्वप्नांतहि चंद्र नव्हता. परंतु त्या खात्याचीं माणसें व जुन्या नोंदी नसत्या, तर लोणारचा उलगडा झाला नसता. सरकारचें अंदाजपत्रक एका वर्षाचें असतें. ज्ञानाचें पीक केव्हां हातीं येईल याचा नेम नसतो.

म्हणूनच पदार्थविज्ञानाच्या इतिहासास राज्यकारभारांत स्थान हवें. कोणत्या खर्चाचें फळ कधीं व कोणत्या वाटेनें आलें, कोणता तर्क का फसला, हें तो इतिहास सांगतो. जुनी खातेवही न पाहतां नवें कर्ज देणारा सावकार शहाणा म्हणवत नाहीं. राज्यास निराळा न्याय कां असावा? विज्ञानाच्या इतिहासास वाहिलेलें एक नियतकालिक आपल्या देशांत १९६६ पासून निघत आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतील नोंदी जपण्यासहि थोडा पैसा लागतो. आणि एकदां वाळवीनें खाल्लेला कागद कितीहि पैशानें परत येत नाहीं.

लोणारचा प्रश्न अद्याप पुरता मिटलेला नाहीं. पूर्वी विवराचें वय सुमारें पन्नास हजार वर्षें मानीत. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन वायूच्या मोजणीनें तें सुमारें ५,७०,००० वर्षें निघालें. आजचें उत्तर उद्यां तपासावें लागतें, आणि त्या तपासणीस आजच्याच नोंदी लागणार आहेत.