ग्वेल्फच्या तोफा आणि आपली माणसे

दरवर्षी नोव्हेंबर लागला की आमच्या शनिवारच्या मराठी वर्गातली मुले छातीवर लाल पॉपीचे फूल लावून येतात. काही वर्षांपूर्वी दुसरीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, त्या लढाईत आपलं कोणी होतं का?" आम्ही सांगितले, "नाही गं, आपण फार नंतर आलो." ते उत्तर चुकीचे होते. येथील आगमनाची शंभरी साजरी करताना ते दुरुस्त करावे, म्हणून हा लेख.

ते फूल ज्या कवितेमुळे जगभर पोहोचले, तिचा कवी आपल्या शेजारच्याच गावचा. टोरांटोपासून सुमारे शंभर किलोमीटरवर ग्वेल्फ आहे. तेथे विंडॅम रस्त्यावरच्या आर्मरीत 11 व्या फील्ड आर्टिलरी रेजिमेंटचे ठाणे आहे. ही राखीव सैन्याची रेजिमेंट. तिच्यातली माणसे दिवसा शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, गवंडी असतात. आठवड्यातली एखादी संध्याकाळ आणि काही शनिवार-रविवार ती गणवेश चढवतात आणि 105 मिलिमीटरच्या हॉवित्झर तोफांवर सराव करतात. युद्ध आले की स्वखुशीने पुढे होतात.

या रेजिमेंटचे मूळ 1880 सालचे. त्या वर्षी ग्वेल्फमध्ये मैदानी तोफखान्याची ब्रिगेड उभी राहिली. तोफा घोड्यांनी ओढायच्या होत्या आणि घोडे हाकायला शेतकऱ्यांची मुले होती. याच गावच्या तोफखान्यात डेव्हिड मॅक्रे हे अधिकारी होते. त्यांचा मुलगा जॉन 1872 मध्ये ग्वेल्फलाच जन्मला आणि सतराव्या वर्षी वडिलांच्याच बॅटरीत दाखल झाला. पुढे तो डॉक्टर झाला, पण तोफा सुटल्या नाहीत. 1900 साली 'डी' बॅटरीबरोबर तो दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धावर गेला.

पहिले महायुद्ध पेटले तेव्हा जॉनने चाळिशी ओलांडली होती. तरी तो कॅनडाच्या पहिल्या तोफखाना ब्रिगेडबरोबर डॉक्टर म्हणून बेल्जियमला पोहोचला. 22 एप्रिल 1915 रोजी ईप्र गावाजवळ जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. पुढचे सतरा दिवस मॅक्रे जखमींची शुश्रूषा करत होते. 2 मे रोजी तोफगोळ्याने त्यांचा तरुण सहकारी अलेक्सिस हेल्मर मारला गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी 'इन फ्लँडर्स फील्ड्स' ही कविता लिहिली. डिसेंबरमध्ये ती लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात छापून आली. स्वतः मॅक्रे 28 जानेवारी 1918 रोजी फ्रान्समध्ये न्यूमोनियाने वारले. अंत्ययात्रेत त्यांचा लाडका घोडा बॉनफायर पुढे चालत होता.

वडिलांची हकीकतही मुलांना सांगण्यासारखी आहे. सत्तरी गाठलेल्या डेव्हिड मॅक्रे यांनी ग्वेल्फमध्ये 43 वी बॅटरी उभी केली, पोरांना शिकवून तयार केले आणि इंग्लंडपर्यंत नेले. वयामुळे त्यांना स्वतःला मात्र फ्रान्सच्या आघाडीवर जाऊ दिले नाही. हाताखाली घडलेली मुले पुढे गेली आणि म्हातारा मागे राहिला. आम्हा शिक्षकांना हे दुःख चटकन कळते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. ईप्रला वायूचा हल्ला झाल्यावर चारच दिवसांनी, 26 एप्रिलला, त्याच आघाडीवर हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन चढाईला उतरली. नावात लाहोर असले तरी तिच्यात आमच्या खडकीचे लोकही होते. बॉम्बे सॅपर्स म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्यांच्या 20 व्या आणि 21 व्या कंपन्या या डिव्हिजनबरोबर फ्रान्सला आल्या होत्या. त्यांच्यात शीख आणि मुसलमानांबरोबर मराठेही होते. 28 ऑक्टोबर 1914 रोजी न्यू शापेल येथे या दोन कंपन्यांची मोठी हानी झाली. तेथील स्मारकावर आज 4,700 हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. ईप्रच्या मेनिन गेटवर हेल्मरचे नाव आहे आणि त्याच गेटवर, ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा हिंदी सैनिकांचीही आहेत.

दुसऱ्या महायुद्धात ग्वेल्फच्या 16 व्या आणि 43 व्या बॅटरीचे गोलंदाज 12 व्या फील्ड रेजिमेंटमधून 6 जून 1944 रोजी नॉर्मंडीला उतरले. किनाऱ्याकडे येतानाच त्यांनी जहाजावरून तोफा डागल्या. 11 वी आर्मी फील्ड रेजिमेंट मात्र इटलीत होती. त्याच इटलीत, मे 1944 मध्ये, कॅनडाच्या रणगाड्यांनी गारी नदीवर आठव्या हिंदी डिव्हिजनला साथ दिली. या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण होती. 10 जुलैला टायबरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले आणि तेथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. पुढल्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन नदी पार केली, एकामागून एक मशीनगन बंद पाडल्या आणि तोच मान मिळवला.

ग्वेल्फचा शेतकरी आणि रायगडचा शेतकरी एकमेकांना कधी भेटले असतील असे आम्ही म्हणत नाही. एकाला आपल्या देशासाठी जायचे होते, दुसऱ्याचा देश परक्यांच्या ताब्यात होता, हा फरकही मुलांपासून लपवू नये. पण चिखल एकच होता आणि विषारी वायूही एकच होता.

ती मुलगी आता कॉलेजात आहे. आमच्या वर्गात येत नाही. म्हणून आम्ही तिच्या धाकट्या भावाला उत्तर सांगितले. या नोव्हेंबरपासून आमच्या फळ्यावर मॅक्रे, घाडगे आणि जाधव ही तीन नावे एका ओळीत असतील. पालकांनी ग्वेल्फला जाऊन मॅक्रे यांचे जन्मघर मुलांना जरूर दाखवावे. परतीच्या वाटेवर गाडीत खडकी आणि माणगावचीही गोष्ट सांगावी.