तळटीप : स्ट्रिंगची फोड आणि देवनागरी

हॅस्केलमध्ये स्ट्रिंग म्हणजे मुळातच कॅरॅक्टरांची यादी. म्हणून वरच्या उदाहरणात ती फोडायला वेगळे फंक्शन लागले नाही, ‘मॅप’ थेट चालला. मात्र हा कॅरॅक्टर म्हणजे युनिकोडमधला एक संकेतांक, आपले अक्षर नव्हे. ‘स्त्री’ घ्या: स, हलन्तचिन्ह, त, पुन्हा हलन्तचिन्ह, र आणि दुसरी वेलांटी असे ६ तुकडे हाती येतात. यादी उलटी केली, तर वेलांटी निराधार होऊन सर्वांत पुढे येते. मराठी मजकुराला हे अजिबात चालणार नाही. एलिक्सरमध्ये संकेतांकांसाठी एक आणि दिसणाऱ्या अक्षरांसाठी दुसरे अशी दोन फंक्शने आहेत; वाचकांनी दुसरेच वापरावे. तरी जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली आला. त्याआधीच्या नियमांनी ‘स्त्री’चे ३ तुकडे पडतात.