क्रूझ जहाजातील बिघाड आणि वगळलेली बंदरे : प्रवाशांचे अधिकार

भिलाईला समुद्र नाही. मात्र ‘विक्रांत’ या स्वदेशी विमानवाहू नौकेसाठी ‘सेल’ने पुरविलेल्या पोलादात येथील प्रकल्पाचाही वाटा होता. आता भिलाई-दुर्ग परिसरातील मराठी कुटुंबेही समुद्रपर्यटनासाठी मुंबई अथवा विशाखापट्टणम गाठू शकतात. जहाज मध्येच बिघडले अथवा ठरलेले बंदर वगळले गेले, तर दाद कोठे मागायची, हा प्रश्न किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी अधिक अवघड ठरतो.

आधुनिक क्रूझ जहाजे बहुधा डिझेल-विद्युत पद्धतीवर चालतात. इंजिने वीज निर्माण करतात आणि त्याच विजेवर पंखे फिरतात, तसेच दिवे, स्वयंपाकघर, वातानुकूलन व स्वच्छतागृहेही चालतात. त्यामुळे बिघाडाचे परिणाम दोन प्रकारचे असतात. एखादा पंखा निकामी झाल्यास जहाज चालत राहते, परंतु वेग घटतो. वेळापत्रक सांभाळण्यासाठी मग कप्तान मधली बंदरे वगळतो. वीजपुरवठाच बंद पडल्यास मात्र जहाज समुद्रात अडकून पडते.

पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण ‘क्वीन मेरी २’चे आहे. जानेवारी २००६ मध्ये फोर्ट लॉडरडेल येथून निघताना या जहाजाच्या प्रणोदन यंत्रणेला इजा झाली. वेग कमी झाल्याने सेंट किट्स, बार्बाडोस आणि ब्राझीलमधील साल्वादोर हे थांबे रद्द झाले. रिओ दि जानेरोला पोहोचल्यावर जहाजातून न उतरण्याचा इशारा अनेक प्रवाशांनी दिला. प्रथम अर्धे भाडे देऊ करणाऱ्या कंपनीने अखेर पूर्ण भाडे परत करण्याचे मान्य केले.

दुसरा प्रकार आपल्याच हिंदी महासागरात घडला. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी ‘कोस्टा अलेग्रा’च्या जनित्र कक्षाला आग लागली. हजारांहून अधिक लोक असलेले हे जहाज एका फ्रेंच मासेमारी नौकेने ओढत सेशेल्सला आणले. पुढील वर्षी, १० फेब्रुवारी २०१३ रोजी, मेक्सिकोच्या आखातात ‘कार्निव्हल ट्रायम्फ’ आगीमुळे बंद पडले आणि चार हजारांहून अधिक माणसे चार दिवस अत्यंत गैरसोयीत अडकली.

त्यानंतर मे २०१३ मध्ये क्रूझ कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रवाशांच्या हक्कांची सनद स्वीकारली. यांत्रिक बिघाडामुळे सफर रद्द झाल्यास पूर्ण परतावा, अर्धवट थांबल्यास अंशतः परतावा, घरी परतण्याची व गरज पडल्यास मुक्कामाची सोय, तसेच वेळेवर माहिती, ही तिची मुख्य आश्वासने आहेत. वगळलेल्या बंदराच्या भरपाईबाबत मात्र ही सनद मौन बाळगते. शिवाय ती सदस्य कंपन्यांपुरतीच आहे.

बंदर वगळण्याचा अधिकार कंपन्या तिकिटाच्या करारातच राखून ठेवतात. अशा वेळी सामान्यतः त्या बंदराचे शुल्क आणि जहाजामार्फत नोंदविलेल्या स्थलदर्शनाचे पैसे परत मिळतात. स्वतः ठरविलेल्या टॅक्सीचे अथवा हॉटेलचे मिळत नाहीत. कारण नेहमी यांत्रिकच असते असेही नाही. जून २०२२ मध्ये चेन्नईहून निघालेल्या एका क्रूझला पुदुच्चेरीत प्रवेशाची परवानगीच मिळाली नव्हती.

सुरक्षिततेसाठी मार्ग बदलणे ही स्वतःहून सेवेतील त्रुटी ठरत नाही. कळीचा मुद्दा माहितीचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडविणे हीदेखील त्रुटीच होय. जहाज सुटण्यापूर्वी बिघाड ठाऊक असूनही तो सांगितला नसेल, तर प्रवाशाची बाजू बळकट होते. म्हणून जहाजावरील घोषणांच्या वेळा, दिलेली पत्रके, खर्चाच्या पावत्या आणि मूळ कार्यक्रमपत्रिका जपून ठेवावी. मुंबईला परतल्यावर या गोष्टी पुन्हा जमविणे जवळजवळ अशक्य असते.

याच कायद्याने अंतर्भागातील ग्राहकाला मोठा दिलासा दिला. १९८६ च्या कायद्यानुसार कंपनी जेथे आहे अथवा घटना जेथे घडली, तेथे तक्रार करावी लागे. जुलै २०२० पासून ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. भिलाईच्या रहिवाशाला त्यासाठी दुर्गचा जिल्हा आयोग आहे. मोजलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. मुदत २ वर्षांची आहे. ‘ई-जागृती’वरून तक्रार नोंदविता येते, तर सुनावणीस दूरदृश्य प्रणालीने हजर राहण्याची विनंतीही करता येते. कराराची अटच अन्यायकारक असल्याचे म्हणणे असेल, तर मात्र जिल्हा आयोग ते ऐकत नाही. रायपूरच्या राज्य आयोगाकडे जावे लागते.

परदेशी कंपनीच्या करारात बहुधा परदेशातील न्यायालयाचा उल्लेख असतो. तिकीट भारतातील प्रतिनिधीमार्फत घेतले असल्यास त्यालाही प्रतिपक्ष करणे व्यवहार्य ठरते. प्रथम सल्ला हवा असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.